खाली गेल्यावर जेवायचं कुठं?

स्मरणिका समितीचा फोन आला तेव्हा मी आधी नकोच म्हणालो होतो. सहलीचे, स्नेहसंमेलनाचे आणि छडीचे किस्से सांगणारे आपल्या तुकडीत पुष्कळ आहेत आणि ते माझ्यापेक्षा चांगले सांगतात. पण समितीने हट्टच धरला. "तू सगळी नोकरी कॉलेजच्या ऑफिसात शिष्यवृत्तीच्या टेबलावर काढलीस. आपल्या डांगाणातली पोरं कॉलेजात कशी गेली आणि गेलेली का परत आली, याचा इतिहास तूच लिही." वाक्याचा दुसरा भाग ऐकला आणि मी होकार दिला. गेलेली का परत आली, हे मला जवळून ठाऊक आहे. तेव्हा गुरुजनहो, चाळीस वर्षांनी पुन्हा एकदा निबंधाची वही आपल्यापुढे ठेवतो आहे.

सुरुवात धरणापासूनच करावी लागेल. यंदा डिसेंबरात आपल्या धरणाला शंभर वर्षे पुरी होतील. १९१० साली काम सुरू झाले, १९२६ साली पुरे झाले. २७० फूट उंचीची दगडी भिंत, मुंबई इलाख्याचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचे तिला दिलेले नाव आणि पोटात अकरा टीएमसी पाणी, हे सारे आपण लहानपणी पाहुण्यांना पाठ म्हणून दाखवत असू. हे पाणी रतनवाडी, साम्रद, घाटघर, पांजरे, उडदावणे या आपल्याच गावांच्या डोंगरांवर पडते. तिथून ते रंध्याच्या कड्यावरून खाली जाते, अकोले ओलांडते, संगमनेर गाठते आणि ओझरच्या बंधाऱ्यापासून दोन कालव्यांनी राहाता, श्रीरामपूर, राहुरीकडच्या रानांत शिरते. उरलेली नदी नेवाशाच्या पुढे प्रवरासंगमाला गोदावरीत मिळते.

कालव्याच्या पाण्यावर ऊस आला. उसामागून साखर कारखाने आले. लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी उभारलेला सहकारी कारखाना १९५० च्या सुमारास सुरू झाला. कारखान्यांमागून शाळा-कॉलेजे आली. प्रवरा ग्रामीण शिक्षण संस्था १९६४ साली स्थापन झाली. लोणीला १९८३ साली अभियांत्रिकी महाविद्यालय आणि १९८४ साली वैद्यकीय महाविद्यालय निघाले. संगमनेरचे महाविद्यालय १९६१ चे. तिथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे नाव तर 'अमृतवाहिनी'. हे आपल्या प्रवरेचेच दुसरे नाव, अमृतेश्वराच्या देवळापासून सगळ्यांच्या तोंडी असलेले.

हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. खालच्या लोकांनी घाम गाळला, सहकार उभा केला, आणि त्यांच्या कॉलेजांच्या बाकांवर आपल्यापैकीही अनेकजण बसले. पण इतिहास म्हणून एवढे मांडले पाहिजे की पाणी जिथे गेले तिथे पैसा गेला आणि पैसा गेला तिथे कॉलेज गेले. धरणाच्या भिंतीला लागून राहणाऱ्या महादेव कोळी, ठाकर आणि इतर घरांतल्या पोरांना शिकायचे तर पाण्याच्याच वाटेने खाली उतरावे लागले. आज राजूरला सत्यनिकेतन संस्थेचे महाविद्यालय आहे, अकोल्याला अगस्ती महाविद्यालय आहे, तरी अजूनही विशेष काही शिकायचे म्हटले की संगमनेर, नाशिक, नगर, पुणे हाच रस्ता.

त्या रस्त्याला निघालेल्या पोराला आपल्याकडे घरचे माणूस एकच प्रश्न विचारी. माझ्या आईने विचारला, तुमच्याही घरी कुणी ना कुणी विचारला असेल. कुठले कॉलेज, कुठला विषय, पुढे काय होणार, यातले काही नाही. "खाली गेल्यावर जेवायचं कुठं?" तेव्हा मला तो अडाणी प्रश्न वाटला होता. टेबलामागे इतकी वर्षे बसल्यावर कळले की महाराष्ट्रातल्या उच्च शिक्षणाचा निम्मा इतिहास या एकाच प्रश्नाच्या उत्तराचा आहे.

जुन्या पुण्यात गरीब ब्राह्मण विद्यार्थ्याला या प्रश्नाचे उत्तर मिळालेले होते. तो माधुकरी मागे, किंवा सात घरी सात वार लावून जेवी. त्यात मान खाली घालावी लागे, पण पोट भरे आणि पुस्तक उघडता येई. कितीतरी मोठी माणसे अशी शिकली. मात्र कुणब्याच्या, महाराच्या, कोळ्याच्या पोराला ते दार नव्हते. ज्या १८४८ साली आपल्या देवगावच्या राघोजी भांगरे यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली, त्याच वर्षी पुण्यात जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली. पुढे १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतिरावांनी स्पष्ट मांडले की सरकारच्या तिजोरीत पैसा येतो कष्टकऱ्यांच्या घामातून आणि उच्च शिक्षणावरचा खर्च होतो वरच्या वर्गांच्या मुलांवर. हे वाचताना मला प्रत्येक वेळी आपले धरण आठवते.

वार लावण्याची सोय ज्यांना नव्हती त्यांच्यासाठी पहिले मोठे उत्तर कोल्हापुरातून आले. शाहू महाराजांनी १९०१ साली मराठा विद्यार्थ्यांसाठी व्हिक्टोरिया बोर्डिंग सुरू केले आणि मग एकेका समाजासाठी वसतिगृहे निघत गेली. दुसऱ्याच वर्षी, १९०२ साली, त्यांनी आपल्या संस्थानातल्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या. या क्रमाकडे लक्ष द्या. जागा राखण्याच्या आधी त्यांनी राहण्या-जेवण्याची सोय केली. शिकलेले पोरच तयार झाले नाही तर राखलेल्या जागेवर बसणार कोण, हे त्या राजाला पुरते ठाऊक होते.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळ काले येथे रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्याला सर्व जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह सुरू केले. एक चूल, एक पंगत. १९२७ साली महात्मा गांधी तिथे येऊन गेले. पोरांच्या पोटाला कमी पडले तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रही मोडले, ही गोष्ट आपण सातवी-आठवीत ऐकली आहे. तेव्हा आपण ती त्यागाची गोष्ट म्हणून ऐकली. आता मला ती हिशेबाची गोष्ट वाटते. महिनाअखेरीला धान्य संपले तर पोरे घरी जातील आणि एकदा गेलेले पोर परत येत नाही, हे त्या बाईला माहीत होते. दागिना पुन्हा होईल, पोर पुन्हा येणार नाही. १९४७ साली कर्मवीरांनी साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज काढले ते 'कमवा आणि शिका' या तत्त्वावर. हातात खोरे घेऊन शिकणाऱ्याला ना माधुकरी मागावी लागली, ना मान खाली घालावी लागली. ही योजना पुढे पुणे विद्यापीठाने कर्मवीरांच्या नावानेच चालवली आणि आपल्यातल्या एक-दोघांनी तिच्यावर आपली वह्या-पुस्तके काढली.

बाबासाहेब आंबेडकरांना १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती मिळाली नसती तर ते कोलंबिया विद्यापीठात पोचले नसते. म्हणूनच की काय, त्यांनी स्वतः संस्था काढली तेव्हा कॉलेजे उभारली: १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ आणि १९५० साली औरंगाबादला मिलिंद. पुण्यात १९५५ साली अच्युतराव आपटे यांनी विद्यार्थी साहाय्यक समिती सुरू केली. खेड्यातून आलेल्या गरजू मुलाला पुण्यात राहायला खोली आणि दोन वेळचे जेवण मिळावे, एवढ्या साध्या हेतूने ती निघाली आणि आजही तेच करते आहे.

सरकारनेही दारे उघडली. अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकनंतरची भारत सरकारची शिष्यवृत्ती १९४४ पासूनची. १९५१ साली घटनेची पहिली दुरुस्ती झाली आणि शिक्षणातल्या राखीव जागांना भक्कम आधार मिळाला. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना आर्थिकदृष्ट्या मागास पालकांच्या मुलांना फी माफ झाली, ती आपण 'ईबीसी' म्हणून ओळखतो. मग डोंगरी भागात आश्रमशाळा आल्या, शहरांत आदिवासी मुला-मुलींची वसतिगृहे आली, राजूरला प्रकल्प कार्यालय आले. १९६२ साली पुण्यात आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था स्थापन झाली. पलीकडच्या जुन्नर तालुक्यातल्या निमगिरीचे, महादेव कोळी समाजातले डॉ. गोविंद गारे पुढे त्याच संस्थेचे संचालक झाले. त्यांचे नाव आपल्या गुरुजींच्या तोंडी किती वेळा यायचे! "निमगिरीतून जाता येतं, तर शेंडीतून का नाही?"

आता आपल्या तुकडीकडे येतो. आपण १९८६ साली दहावी झालो. त्या जूनमध्ये आपल्यातले पुढे शिकायला किती गेले, हे आठवून पाहा. मुलींपैकी तर हाताच्या बोटांवर मोजाव्यात एवढ्याच. जूनचा शेवट आणि जुलै म्हणजे आपल्याकडे आवणीचे दिवस. गुडघाभर चिखलात रोपे लावायला घरातले प्रत्येक माणूस लागते, आणि नेमक्या त्याच दिवसांत खाली कॉलेजांत प्रवेशाच्या याद्या लागतात. आवणी आटोपून पोर अकोल्याला पोचायचे तेव्हा खिडकी बंद झालेली असायची. आपल्या सरांनी त्या वर्षी स्वतः एसटीने चार चकरा मारून आपल्यातल्या कितीजणांचे अर्ज नेऊन दिले, हे त्यांनी कधी बोलून दाखवले नाही. माझा अर्ज त्यांच्याच पिशवीतून गेला होता.

बारावी करून १९८८ साली मी आणि आपल्याच वर्गातला एक मित्र पुण्याला गेलो. त्याचे नाव लिहीत नाही. त्याला विचारूनच हे लिहितो आहे. तो म्हणाला, "लिही, पण नाव घालू नकोस. आणि मला बिचारा करू नकोस." गणितात तो माझ्या कितीतरी पुढे होता, हे तुम्हां सगळ्यांना ठाऊक आहे, परीक्षेच्या आदल्या रात्री आपण त्याच्याच वहीवर अभ्यास करायचो.

वसतिगृहाच्या यादीत माझे नाव लागले, त्याचे प्रतीक्षायादीत राहिले. तो गावाकडच्या कुणाच्या तरी ओळखीने एका खोलीत चौथा म्हणून राहू लागला आणि खाणावळीत जेवू लागला. शिष्यवृत्तीचा अर्ज भरलेला होता, मंजूरही व्हायचा होता, पण पैसे कधी येणार ते कुणालाच सांगता येत नव्हते. ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर गेला. खाणावळीचे दोन महिने थकले, साडेतीनशे रुपये. मालकाने फळ्यावर थकबाकीदारांची नावे लिहिली, त्यात त्याचे नाव. दुसऱ्या दिवसापासून तो खाणावळीकडे फिरकला नाही. चारपाच दिवस कशावर काढले ते त्याने मला सांगितले नाही. मग एका सकाळी म्हणाला, "सोंगणीला जाऊन येतो. घरी माणूस कमी आहे." मी त्याला शिवाजीनगरच्या एसटी स्थानकावर सोडायला गेलो. त्याने पिशवीत सगळी पुस्तके भरली होती. भात कापायला जाणारा माणूस पुस्तके कशाला नेईल, हा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता. खरे तर पडलाच होता.

माझ्याकडे त्या दिवशी चारशे रुपये होते. घरून आलेले, पुढच्या सत्रासाठी जपून ठेवलेले. मी ते दिले नाहीत. त्याने मागितले नाहीत. त्याच्या वर्गाच्या प्राध्यापकांना जाऊन सांगावे, हेही मला सुचले नाही. आपण डोंगरातली पोरे, पैशाचे रडगाणे कुणापुढे गायचे नसते असे मनात बसलेले.

फेब्रुवारीत कॉलेजच्या सूचनाफलकावर शिष्यवृत्तीची यादी लागली. त्यात त्याचे नाव होते. पूर्ण रक्कम मंजूर. मी त्याला पत्र टाकले. ते पोचेपर्यंत, आणि तो पुन्हा येण्याचा विचार करेपर्यंत, हजेरी बुडाली होती, सत्र गेले होते आणि घरात त्याच्या हाताला कामाची सवय झाली होती. रक्कम परत गेली.

मी पुढे पदवीधर झालो, कॉलेजात कारकून लागलो, आणि शिष्यवृत्तीचे टेबल कुणी मागत नव्हते तेव्हा ते मी मागून घेतले. का, ते आता तुम्हांला कळले असेल.

त्या टेबलावर मी जे पाहिले त्याचा सारांश सांगतो. पैसे येतात. ही योजना कागदावरची नाही, ती खरी आहे. या पैशावर माझ्यासमोर हजारो पोरे शिकली. पण पैसे येतात वर्षाच्या शेवटाकडे आणि पोटाला लागते पहिल्या दिवसापासून. मध्ये चार-सहा महिन्यांची दरी असते. ज्याच्या मागे घर आहे, ओळखीचे कुणी आहे, तो ती दरी पार करतो. ज्याच्या मागे कुणी नाही, तो दिवाळीला घरी जातो आणि येत नाही. परीक्षेत नापास होऊन गेलेली पोरे मी थोडी पाहिली. दिवाळीला गेलेली पुष्कळ पाहिली.

दुसरी दरी कागदांची. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा दाखला, आणि सगळ्यांत अवघड म्हणजे जात वैधता प्रमाणपत्र. याचा इतिहास आपल्या भागाशी अगदी जवळून जोडलेला आहे. १९९४ साली सर्वोच्च न्यायालयापुढे जे प्रसिद्ध प्रकरण गेले, ते महादेव कोळी असल्याचा दावा करून वैद्यकीय शिक्षणाची राखीव जागा घेतल्याचेच होते. न्यायालयाने खोटे दावे रोखण्यासाठी पडताळणी समित्या आणि दक्षता पथके नेमण्याची पद्धत घालून दिली. राज्याने पुढे त्यासाठी कायदाही केला. हे आवश्यकच होते, कारण खोट्या दाखल्यांनी आपल्याच पोरांच्या जागा जात होत्या. पण त्याचे ओझे खऱ्या महादेव कोळ्याच्या पोरावरही आले. पुरावा मागतात तो १९५० च्या आधीचा. आजोबाच्या शाळेच्या दाखल्यावर जातीची नोंद दाखवा. आता ज्या घरातले पहिलेच पोर कॉलेजला निघाले आहे, त्या घरातला आजोबा शाळेत गेला होता कुठे? मग कोतवाल बुकातली जन्ममृत्यूची नोंद शोधा, चुलत आजोबाचा कागद शोधा, वंशावळ काढा. हे काम जूनमध्ये सुरू केले तर प्रवेशाला पुरत नाही. दहावीतच सुरू करावे लागते. आणि दहावीतल्या पोराला हे सांगणारे कुणी तरी लागते.

आता दिवस बदलले आहेत, हेही लिहिले पाहिजे. वसतिगृहात जागा न मिळालेल्या आदिवासी विद्यार्थ्यांसाठी २०१६ पासून पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम योजना आहे. तीत राहण्या-जेवणासाठी थेट बँकेत पैसे जमा होतात. सुरुवातीचे दर मुंबई-पुण्यासारख्या शहरांत वर्षाला ६० हजार रुपये, त्याखालच्या शहरांत ५१ हजार आणि इतर जिल्ह्याच्या ठिकाणी ४३ हजार असे होते. माझ्या मित्राच्या वेळी ही योजना असती तर प्रतीक्षायादीतले त्याचे नाव एवढे जड झाले नसते. २०२४ पासून आठ लाखांपेक्षा कमी उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी पूर्ण माफ झाली आहे. अर्ज महाडीबीटीवर भरता येतात. तरीही २०२१-२२ च्या उच्च शिक्षणाच्या देशव्यापी पाहणीत १८ ते २३ वयाच्या शंभरांमागे उच्च शिक्षणातल्या नोंदणीचे प्रमाण सरासरी २८.४ होते, अनुसूचित जमातींत ते २१.२ होते. फरक कमी होतो आहे, मिटलेला नाही. आणि मोबाईलवर अर्ज भरायला आपल्या काही वाड्यांत अजून रेंज शोधत टेकडीवर जावे लागते.

बाहेरही आपल्यासारखीच माणसे या कामाला लागली आहेत. बुलढाणा जिल्ह्यातल्या खेड्यातून आलेल्या राजू केंद्रे यांनी यवतमाळात एकलव्य नावाची संस्था सुरू केली. घरातले पहिलेच शिकणारे पोर नामांकित विद्यापीठांपर्यंत कसे जाईल, याची वाट ही संस्था दाखवते. त्यांचे काम वाचून मला आपले सर आठवले. फरक एवढाच की सरांकडे एक पिशवी होती आणि एसटीचा पास.

मेळाव्याच्या तयारीसाठी गेल्या महिन्यात मी त्या मित्राकडे गेलो होतो. त्याच्या अंगणात बसलो. त्याची मुलगी नाशिकला परिचारिकेचे शिक्षण घेते, दुसऱ्या वर्षाला आहे. मी विचारले, "पैसे वेळेवर येतात का तिचे?" तो हसला. "पहिल्या वर्षी नाही आले. दिवाळीला घरी आली, म्हणाली, बाबा, मी नाही जात आता. मैत्रिणीचे उसने झालेत." "मग?" "मग काय. खोंड विकला. म्हणालो, फेब्रुवारीपर्यंत धर. पैसे येतात. उशिरा येतात, पण येतात." थोडा वेळ गप्प राहून तो म्हणाला, "मला माहीत होतं ना. आपल्या वेळेला हेच कुणाला माहीत नव्हतं. फेब्रुवारीपर्यंत धरायचं असतं, एवढंच."

मित्रांनो, मैत्रिणींनो, मला इतिहास लिहायला सांगितले होते. तो इथे संपला. आता टेबलावरच्या कारकुनाची दोन कामे सांगतो. मेळाव्यात त्यांवर बोलावे अशी विनंती आहे.

पहिले काम पैशाचे, पण देणगीचे नाही. आपण सगळ्यांनी मिळून एक फिरता निधी करावा. आपल्या शाळेतून पुढे गेलेल्या पोराला जुलै ते फेब्रुवारी खोलीभाड्याला आणि खाणावळीला लागतील तेवढे पैसे त्यातून मिळावेत आणि शिष्यवृत्ती आली की त्याने ते परत करावेत, म्हणजे पुढच्याला मिळतील. उपकार नाही, उसने. मान खाली घालायचे कारण नाही. हिशेब मी ठेवीन.

दुसरे काम माणसांचे. दरवर्षी आवणीच्या आधी, मे महिन्यात, आपल्यापैकी दोघांनी चार दिवस शाळेत बसावे. दहावी-बारावीच्या पोरांचे दाखले, वैधतेचे कागद, अर्ज यांची तपासणी करावी. आणि एका कागदावर यादी छापावी: संगमनेर, नगर, नाशिक, पुणे, मुंबई, कुठल्या शहरात आपले कोण राहते आणि त्याचा फोन. पोर खाली उतरले की पहिल्या रात्री कुणाकडे जेवायचे, ते त्याच्या खिशात लिहिलेले असावे.

मेळाव्याला तो मित्र येणार आहे. पंगतीत मी त्याच्या शेजारी बसणार आहे. मला त्याला चारशे रुपये द्यायचे आहेत, अडतीस वर्षांनी. तो घेणार नाही, हे मला माहीत आहे. त्याने घेतले नाहीत तर तेच निधीची पहिली रक्कम म्हणून लिहू.